तक्रार वर पोहोचते का?

बारावीचा निकाल लागला की कर्जत-खालापूरच्या गावांतून मुलांची पांगापांग सुरू होते. पोशीर, कळंब, कशेळे, खांडस या पट्ट्यातल्या ज्यांना नेरळ किंवा कर्जत स्टेशन गाठणे जमते, ती लोकलने उल्हासनगर-कल्याणच्या कॉलेजांत जाऊन-येऊन शिकतात. ज्यांची वाडी डोंगराच्या अंगाला आहे, पावसाळ्यात जिथून वेळेवर निघण्याचीही खात्री नाही, त्यांच्यापुढे वसतिगृह हाच मार्ग उरतो. कातकरी कुटुंबांत तर दिवाळीनंतर अख्खे घर वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मागे राहून शिकणाऱ्या मुलासाठी वसतिगृह म्हणजे नुसती सोय नव्हे, त्या सहा-सात महिन्यांत त्याला दुसरे घरच नसते. रायगडातल्या आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचा कारभार पेणच्या प्रकल्प कार्यालयातून चालतो. दर जूनमध्ये या वसतिगृहांबद्दल बोलले जाते ते जागा किती, यादी कधी, पाणी आहे का, एवढ्यापुरते. हे प्रश्न खरे आहेत आणि निकडीचेही आहेत. पण कॉट मिळाल्यानंतर त्या इमारतीत शब्द कोणाचा चालतो, हे कोणी विचारत नाही. आपण ‘शिस्तीचे वसतिगृह’ म्हणतो तेव्हा बहुधा गडबड नसलेले, तक्रार नसलेले वसतिगृह म्हणतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. वसतिगृहाचे नेतृत्व चांगले की वाईट हे ठरवायचे असेल, तर तिथला सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत बुजरा मुलगा वाईट बातमी किती सहज वर नेऊ शकतो, हे पाहावे.

हे नुसते भाबडे मत नाही. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. ज्या गटात एकोपा जास्त, तिथे औषध देण्यातल्या चुका कमी असणार, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. कारण शोधल्यावर दिसले ते असे की, या गटांत चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर त्या बोलून दाखवायला माणसे घाबरत नव्हती. कडक वरिष्ठाच्या हाताखालच्या गटांत चुका झाकल्या जात होत्या. रुग्णालय वेगळे, वसतिगृह वेगळे, हे मान्य. पण ज्याच्या हातात आपली कॉट, आपले जेवण आणि आपला दाखला आहे त्याच्यासमोर माणूस गप्प बसतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. म्हणून एखाद्या वसतिगृहाची तक्रारवही वर्षभर कोरी राहिली असेल, तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने समाधान मानण्याऐवजी खुर्ची ओढून बसावे आणि चौकशी सुरू करावी.

वसतिगृहात शब्द कोणाचा चालतो, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा वाटू नये. वसतिगृह हे समाज बदलण्याचे साधन आहे हे या राज्याने फार लवकर ओळखले. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढच्या वीसेक वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे निघाली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. पण मला इथे महत्त्वाचा वाटतो तो एका विद्यार्थ्याचा प्रसंग. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. त्या बोर्डिंगची व्यवस्था वाईट लोकांच्या हाती होती असे मुळीच नव्हते, शिक्षणाच्या तळमळीची माणसे तिथे होती. तरीही नियम चुकीचा आहे असे म्हणणाऱ्या मुलाला तिथे जागा उरली नाही. पुढे १९२४ मध्ये याच माणसाने साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. तिथे मुले एका पंगतीला जेवत, स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे स्वतः करीत. आपण याकडे काटकसर म्हणून पाहतो. पैशांची चणचण होतीच, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने मोडावे लागले होते. पण ज्या समाजात कोणी कशाला हात लावावा हे जन्माने ठरत होते, तिथे भांडी घासण्याची पाळी सगळ्यांना सारखी येणे म्हणजे अधिकाराची नवी वाटणी होती. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीतही खेड्यातून आलेल्या मुलांनी वसतिगृहाची कामे वाटून घ्यायची हा शिरस्ता राहिला. या परंपरेत नेतृत्व म्हणजे पदाची पट्टी नव्हे. आज डाळ कमी पडली तर उद्या आपल्याला जाब द्यायचा आहे, हे माहीत असलेला मुलगा म्हणजे नेता.

स्वयंपाकघराचेच जरा जवळून पाहू. नियमाच्या कागदावर सगळ्यांना सारखे जेवण असते. प्रत्यक्षात कुठल्याही दुर्लक्षित वसतिगृहात नवा मुलगा पहिल्या आठवड्यातच शिकतो की आधी ताट कोण घेते, भाजीतल्या फोडी कोणाच्या ताटात जातात आणि शेवटच्या पंगतीला डाळीचे पाणी कोणाला मिळते. हे त्याला कोणी सांगत नाही. पण पुढची तीन वर्षे तो तेच पाळतो आणि सिनिअर झाला की तेच करतो. आता दुसरी रीत पाहा. सकाळी कोठी उघडताना दोन विद्यार्थी हजर, त्यांतला एक पहिल्या वर्षाचा. तांदूळ, डाळ, तेल काट्यावर मोजले जाते. वहीत तारीख, वजन, जेवणाऱ्यांची संख्या आणि खाली दोघांच्या सह्या. महिनाअखेर ठेकेदाराचे बिल या वहीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. पाळी दर पंधरवड्याला बदलते. ठाकरवाडीतून आलेल्या, चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलाला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरात नेऊन जे साधत नाही, ते त्या सहीने साधते. कारण त्याच्या सहीवाचून बिल अडते, हे त्याला आणि इतरांनाही दिसते.

याच कारणामुळे २०१८ चा निर्णय मला चुकलेला वाटतो. त्या वर्षी आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याचे धोरण आले, आणि त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. ठेकेदार निकृष्ट जेवण देतात, मधल्या मध्ये पैसे खातात, ही सरकारची बाजू खोटी नव्हती. पण त्यावर उपाय म्हणून चूलच विझवली, तर मुले एकेकटी बाहेरच्या खानावळीची गिऱ्हाइके होतात. पैसे उशिरा आले तर उपास प्रत्येकाचा वेगळा आणि तक्रारही वेगळी. जिथे एकत्र बसून हिशेब मागता येत होता अशी रोजची एकमेव जागा त्यात जाते.

इथे पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो. विद्यार्थ्यांच्या हाती अधिकार दिला की सिनिअरांची दादागिरी माजते, रॅगिंगला तोंड फुटते. या भीतीमागे मृत्यू आहेत. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा सिनिअरांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी रॅगिंगविरोधी नियम केले. महाराष्ट्रात तर १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला. शिवाय निवडून आलेली समिती न्यायीच वागते असेही नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत विद्यार्थी प्रतिनिधी असलेल्या मेस कौन्सिलनेच काही टेबले केवळ शाकाहारींसाठी राखली आणि त्याचा निषेध करणाऱ्याला दहा हजारांचा दंड झाला. बहुमत पंगत मोडू शकते, हे यातून दिसते. म्हणूनच मी ‘निवडणूक घ्या’ एवढ्यावर थांबत नाही. दादागिरी वाढते ती अधिकार एका हाती, कायमचा आणि कोणालाही जाब न देता राहतो तिथे. गृहपालाने शांतता राखायला नेमलेला, तीन-तीन वर्षे न बदलणारा मॉनिटर हा नेमका तसा असतो. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरची सामाईक कुरणे, कालवे, जंगले अभ्यासून दाखवले की, ज्यांना नियम लागू होतो त्यांचा तो बनवण्यात हात असेल, देखरेख करणारा त्यांनाच उत्तरदायी असेल आणि पहिल्या चुकीला दंड हलका असेल, तर व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा खोऱ्यातली फड पद्धत पाण्याच्या वाटपात हेच करत आली आहे. रॅगिंगविरोधी नियमांतही एक तरतूद अशीच सुज्ञ आहे: सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी, आणि अशा सहांवर एक वरचा मार्गदर्शक. कॉलेजे प्रवेशावेळी प्रतिज्ञापत्रे घेतात, हेल्पलाइनचा फलक लावतात आणि ही तरतूद विसरतात. धाक दाखवायला कागद पुरतो, पण सहा मुलांची नावे, गावे आणि अडचणी ठाऊक असलेला एक मोठा मुलगा तयार करायला वेळ द्यावा लागतो, शिकवावे लागते. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत वसतिगृहातल्या मुलांची अशी जबाबदारी घेणाऱ्या सिनिअरला राहण्याची खोली मोफत मिळते. तिथेही ओढाताण आहेच, कारण ज्याने मित्र व्हायचे त्यानेच चुगलीही करायची. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या अशा विद्यार्थ्यांनी चक्क कामगार संघटना बांधली. ते बरोबरच होते, जबाबदारीचे काम फुकटात आणि हक्काविना करून घेऊ नये.

दुसरा आक्षेप मुलींच्या वसतिगृहांबाबत घेतला जातो. तिथे सुरक्षितता आधी, सहभाग नंतर, असे पालक आणि गृहपाल दोघेही म्हणतात. पोशीरसारख्या गावातून मुलीला पहिल्यांदा बाहेर पाठवणाऱ्या आईबापांची धास्ती समजण्यासारखी आहे. पण जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली, तेव्हा संशयित निघाला तो तिथेच काम करणारा माणूस. फाटक, कुलूप आणि संध्याकाळची हजेरी बाहेरच्यापासून राखण करते. आतल्यापासून वाचायचे असेल तर ‘हा माणूस मला नको तसा वाटतो’ हे मुलीला सांगता आले पाहिजे आणि त्याच दिवशी कोणीतरी ते मनावर घेतले पाहिजे. उशिरा आल्याबद्दल ओरडा खाण्याची जिला सवय लागली आहे, ती हे सांगायला जाणार नाही, कारण आधी तिलाच विचारले जाईल की तू तिथे काय करत होतीस. सुरक्षितता हवी म्हणूनच सहभाग आधी हवा.

राहिला गृहपाल. या सगळ्यात त्याचाही जीव अडकलेला असतो. अनेक ठिकाणी एकाच माणसाकडे दोन वसतिगृहांचा कार्यभार, नळ बंद पडला तरी तोच, मूल आजारी पडले तरी तोच, आणि वरून तक्रार आली की स्पष्टीकरणही त्याचेच. तक्रार हा ज्याच्या गोपनीय अहवालावरचा डाग ठरतो, तो ती दाबणार, यात त्याचा स्वभाव शोधायला नको. म्हणून बदल वरून व्हायला हवा. पेणहून किंवा आणखी वरून तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने किती तक्रारी आल्या हे न विचारता किती दिवसांत किती सुटल्या आणि न सुटलेल्यांसाठी गृहपालाने वर काय मागितले, हे विचारावे. गृहपालाची पाठराखण किंवा कानउघाडणी त्या उत्तरावरून व्हावी. आणि तपासणीच्या दिवशी कार्यालयातल्या चहाऐवजी शेवटच्या पंगतीला, पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये, गृहपाल आणि मॉनिटर यांच्याविना ताट घेऊन बसावे. दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप वीटभट्टीवर गेले आहेत ती मुले सुट्टीतही तिथेच असतात. वर्षातली एक तपासणी त्याच दिवसांत ठेवावी.