वजाबाकीतून घडलेला एकांत

एकटेपणा वाट्याला येतो. एकांत मिळवावा लागतो. मराठीतला हा भेद जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांनी टिपलेली ऱ्हाईन नदी पाहताना उपयोगी पडतो. या नदीचे पहिले छायाचित्र त्यांनी १९९६ साली केले, दुसरे १९९९ साली.

‘ऱ्हाईन २’ हे दुसरे छायाचित्र चौकटीसह साडेतीन मीटरांहून रुंद आहे. वर ढगाळ आकाश, खाली हिरव्या गवताचे पट्टे, त्यांच्या मधून सरळ रेषेत जाणारी नदी आणि अलीकडे एक अरुंद वाट. माणूस नाही, नाव नाही, झाड नाही.

प्रत्यक्षात ऱ्हाईन हा युरोपातला अत्यंत गजबजलेला जलमार्ग. ड्युसेलडॉर्फजवळच्या या काठावर कुत्र्यांना फिरवणारी माणसे होती, पलीकडे कारखान्याची इमारत होती. गुर्स्की यांनी ती संगणकावर पुसली. म्हणजे हा एकांत त्या जागी आयता सापडलेला नाही. एकेक गोष्ट वजा करत तो घडवला आहे. कोऱ्या कॅनव्हासवर हवे तेवढेच मांडण्याची चित्रकाराची मुभा इथे छायाचित्रकाराने घेतली.

दुसरी वजाबाकी प्रतींची. छायाचित्राच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. ‘ऱ्हाईन २’च्या मात्र सहाच आहेत. मर्यादित आवृत्ती म्हणजे पुढे छापणे शक्य असूनही थांबण्याचे वचन. लंडनचे टेट आणि न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट यांच्या संग्रहांत एकेक प्रत आहे. संग्रहालयात गेलेली प्रत सहसा बाजारात परतत नाही, त्यामुळे उरलेल्यांचे मोल वाढते. नोव्हेंबर २०११मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एक प्रत ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. लिलावात छायाचित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

मग हा एकांत खोटा म्हणायचा का? बातमीसोबत असे छायाचित्र छापले, तर ती फसवणूकच. तिथे छायाचित्र साक्षीदार असते. गुर्स्की यांनी मात्र आपली खाडाखोड लपवलेली नाही. कारखाना पुसला आहे हे कळल्यावरही ती नदी मन शांत करते. पण मग नजर पलीकडच्या काठावर रेंगाळते आणि तिथे काय होते याचा विचार सुटत नाही. अशा नदीकाठी एवढी शांतता हवी असेल, तर आपल्यालाच चित्रातून बाहेर जावे लागते, ही त्यातली अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.