रक्त वेगळं असलं तरी

सकाळी ८.४०. लालबागहून परळपर्यंत चालतच. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरची बाकडी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच भरलेली. निम्मे लोक हाफ डे टाकून आलेले.

९.३०. गोळ्या मोजायचं काम. एका बाटलीत ३० गोळ्या. उरलेल्या मोजल्या की किती दिवस चुकले ते कळतं. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं, आत कापूस कोंबलेला. चाळीत बाटली वाजली की शेजारी विचारणारच.

११.००. आज नवरा-बायको. तो पॉझिटिव्ह, ती निगेटिव्ह.

"मॅडम, इतकी वर्षं झाली, मला काही झालं नाही. माझं रक्तच वेगळं असणार."

म्हणणं अगदीच भाबडं नाही. पेशीत शिरताना विषाणू बहुतेकदा सीसीआर-५ नावाच्या प्रथिनाला धरतो. काही माणसांत त्याच्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आई आणि वडील दोघांकडून असं जनुक आलं, तर विषाणूला धरायला सीसीआर-५ उरत नाही. १९९६ मध्ये हे उलगडलं. पण अशी माणसं उत्तर युरोपात शंभरात एखादं. आपल्याकडे जवळजवळ नाहीतच.

"ताई, ह्यांच्या गोळ्या नियमित आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला आहे. तुम्हाला त्यानं वाचवलंय. गोळ्या सुटल्या तर तुमचं रक्त काही करणार नाही."

नवरा पहिल्यांदाच मान वर करतो.

१.३०. डबा. शिकाऊ मुलीला बॉम्बे ब्लड ग्रुप या दुर्मिळ रक्तगटाची गोष्ट सांगते. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो इथेच, परळला शोधला. रक्तातलं वेगळेपण आमच्या भागाला नवं नाही.

३.००. शिकाऊ मुलीचा प्रश्न एचएलए-बी ५७:०१ वर. हा जनुकप्रकार असलेल्यांत संसर्गानंतर विषाणू बऱ्याचदा आटोक्यात राहतो. मात्र त्याच लोकांना अबॅकाविर हे औषध जिवावर बेतू शकतं. जनुकाला नुसतं 'चांगलं' म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

५.१५. रजिस्टर. ताईंची पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

जोडीदार पॉझिटिव्ह असेल तर आपल्या रक्ताच्या भरवशावर राहू नका. सरकारी केंद्रात चाचणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. हेल्पलाइन १०९७.