पत्त्याचा रकाना

‘राजुऱ्याकडे कॅन्सर वाढलाय म्हणतात, बघ जरा,’ संपादक म्हणाले. संशयितांना तोटा नाही: कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा. पण ‘वाढलाय’ म्हणायचे तर आधी किती होता हे माहीत हवे. ते सांगणारे दप्तर म्हणजे कर्करोग नोंदणी.

देशातली पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली बार्शीत. मला मात्र खिळवून ठेवले ते नोंदणी कर्मचाऱ्याच्या एका किचकट कामाने: दुबार नावे गाळणे. रुग्णालये, पॅथॉलॉजी लॅब, मृत्यूची नोंदवही अशी दारे झिजवून तो माहिती आणतो. आता राजुऱ्याचा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. तुकडा तपासला चंद्रपूरला, शेक घेतले नागपूरला, पुढचे औषध हैदराबादला. फायली तीन, माणूस एक. आडनाव आत्राम असेल, तर रोमन लिपीत महाराष्ट्रात बहुधा ‘टी’, हैदराबादला ‘टीएच’. संगणकाला ही दोन माणसे वाटू शकतात. मग वय, गाव, अवयव, निदानाची तारीख ताडून पाहत बसायचे.

त्याहून हट्टी आहे पत्त्याचा रकाना. निदानाआधी किमान वर्षभर रुग्ण जिथे राहिला, तिथलाच पत्ता धरायचा, असा नियम. पण इथे सीमाच सरकत आल्या आहेत. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडात गेला, १९५९ पासून चंद्रपुरात आला. शेजारच्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. तिथे अनेकांकडे दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे. तिथला रुग्ण दोन्हीकडे मोजला जाऊ शकतो, नाहीतर कुठेच नाही.

खरी अडचण पुढेच आहे. २०१२ ते २०१६ या काळातल्या आकड्यांवरचा राष्ट्रीय अहवाल २०२० साली आला. त्यातल्या २८ नोंदण्यांत नागपूर आहे, वर्धा आहे, चंद्रपूर-गडचिरोली नाही. त्याच अहवालात पुरुषांमधले कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण लाखामागे ऐझॉलला २६९.४, तर उस्मानाबाद-बीडला ३९.५. एवढी तफावत निव्वळ रोगाची, की काही अंशी निदानाच्या सोयीची, हा प्रश्न प्रत्येक नकाशाला विचारावा लागतो. गडचिरोलीच्या जंगलातला जो माणूस तुकडा तपासायला पोहोचलाच नाही, तो नकाशावर उमटत नाही. आणि कोरा नकाशा निरोगी दिसतो. दोन राज्यांच्या नोंदी जुळवायच्या तर नावे जपून जुळवावी लागतील, आणि ते काम कुणाचे हे आधी ठरवावे लागेल. तोवर खाणीला किंवा खर्र्याला किती दोष द्यायचा, याचा राजुऱ्यापुरता हिशेब मांडता येणार नाही.

वाचकाच्या हाती मात्र एक गोष्ट आहे. केसपेपर काढताना सोयीसाठी नागपूरच्या भाच्याचा पत्ता देऊ नका. स्वतःच्या गावाचे नाव सांगा.