घोडा चालतोय, पण पाठ भरली का?

सांगली-साताऱ्याकडं घोडागाडीची शर्यत पाहताना तुमची नजर पायांवर असते, हो ना? पण त्या पायांचा जोर पाठीतून जातो. घोड्याला आपल्यासारखं गळ्याचं हाड नसतं. पुढच्या दोन पायांमध्ये त्याची छाती स्नायूंच्या झोळीत असते. दुखापतीनंतर घोडा बरेच दिवस बांधून राहिला की स्नायू आटतात, पाठ खचते. लंगडणं थांबलं म्हणून लगेच गाडीला जुंपला, तर दुखणं परत येऊ शकतं.

मग करायचं काय? आधी पशुवैद्यकांना दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. त्यांनी 'हो' म्हटलं की काढा गाजर! ते छातीजवळ, बरगडीकडं, पुढच्या खुरांमध्ये धरायचं. घोडा मान वळवून काही सेकंद थांबतो आणि मणक्यालगतचे खोल स्नायू कामाला लागतात. जोडीला हातात दोर धरून सरळ चालवणं, मग हलका चढ, मग जमिनीवर आडवे ठेवलेले वासे ओलांडणं. ओझं सगळ्यात शेवटी.

याला दिवस नाही, महिने लागतात. ओळखीत कुणाचा घोडा दुखण्यातून उठला असेल, तर शर्यतीची तारीख नका विचारू. आधी त्याच्या पाठीकडं बघा.