एकच पदक, सहा रंग : जपानचं जुनं ‘होशो’ कसं ओळखायचं?

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात चेरीच्या फुलांनी वेढलेलं एक गोल जपानी पदक दिसतं. काही विक्रेते त्याला सरसकट ‘युद्धपदक’ म्हणतात. प्रत्यक्षात ते ‘होशो’, म्हणजे नागरी सन्मानाचं पदक असतं. ते विकत घेण्याआधी काय तपासायचं, जाणून घेऊया.

होशो म्हणजे काय?
मेइजी काळात, १८८१ मध्ये जपान सरकारने हा सन्मान सुरू केला. चांदीच्या पदकाच्या मधोमध ‘होशो’ ही दोन चिनी अक्षरं असतात.

रंगाचा अर्थ काय?
आज सहा रंगांच्या फिती आहेत. लाल जीव वाचवणाऱ्याला, निळी लोकसेवेला, जांभळी कला-विद्या-क्रीडेला, तर गडद निळी मोठ्या देणगीला. पिवळी आपल्या कामात वर्षानुवर्षं निष्ठेने झटणाऱ्यांना, हिरवी स्वयंसेवकांना.

मग घोळ कुठे होतो?
सहाही रंगांना पदक एकच, वेगळी असते ती फक्त फीत. ती बदलणं सोपं, त्यामुळे निव्वळ रंगावर विसंबू नका. शिवाय रंगांचे अर्थही बदलले. १८८७ ची पिवळी फीत सागरी संरक्षणासाठी पैसे देणाऱ्यांना होती. आजची पिवळी १९५५ ची. हिरवी पूर्वी आईवडिलांची सेवा करणाऱ्या मुलांना किंवा इमानी नोकरांनाही मिळायची.

खात्री कशी करायची?
पदक उलटून पाहा. अनेक पदकांच्या मागे मानकऱ्याचं नाव कोरलेलं असतं. सोबत सन्मानपत्र असेल तर तेच नाव तिथे हवं. त्यावरचं साल जपानी गणनेत असतं. मेइजी सालात १८६७, ताइशोत १९११ आणि शोवात १९२५ मिळवा. मेइजी २० म्हणजे १८८७. फितीवर चांदीची पट्टी असेल, तर तोच सन्मान पुन्हा मिळाला होता. अशा पाच पट्ट्यांऐवजी एक सोनेरी पट्टी मिळते.

डबी किती महत्त्वाची?
झाकणावर सन्मानाचं नाव असेल, तर ते फितीच्या रंगाशी जुळवा. नाव एक आणि रंग दुसरा, तर जोडी नंतर जमवलेली असू शकते. लाखेची डबी उन्हात ठेवू नका आणि चांदी पॉलिशने घासू नका. घासून कोरलेलं नाव पुसट झालं, तर ते पदक कुणाचं होतं हे सांगणारा पुरावाच जातो.