गोमतीत सोडलेली पोथी आणि मोबाईलमधील रोजनिशी

इ. स. 1605 च्या सुमाराची गोष्ट. जौनपूर येथे गोमती नदीच्या पुलावर एक तरुण व्यापारीपुत्र मित्रांसमवेत उभा होता. त्याच्या हाती स्वतःच रचलेली ‘नवरस’ नावाची शृंगारप्रधान पोथी होती. वाचता वाचता आपल्याच काल्पनिक रचनेविषयी त्याच्या मनात पश्चात्ताप दाटला आणि त्याने ती पोथी नदीत सोडून दिली. मित्र हळहळले, परंतु पाने प्रवाहाबरोबर निघून गेली होती. हा तरुण म्हणजे कविवर बनारसीदास. पुढे 1641 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, त्यांनी आग्रा येथे ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. व्यापारातील खोट, आजारपणे, स्वतःचे दोष, सारे त्यांनी त्यात मोकळेपणाने नोंदविले. काय बुडवावे आणि काय लोकांपुढे ठेवावे, हे दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

आज रोजनिशी वहीतून मोबाईलमध्ये आली आहे, आणि या निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहणार हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. खासगी रोजनिशीच्या ॲपला समाजमाध्यमाची जोड द्यावी, म्हणजे निवडक पाने आप्तेष्टांना दाखविता येतील, ही कल्पना आकर्षक आहे. परदेशी शिकणाऱ्या मुलाने प्रवासाचे पान आजीला पाठवावे, यात गैर काय? गैर काहीच नाही. मात्र पान पाठविण्याची वाट कशी बांधली आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

एकाच मालकाच्या कपाटातील वही

या वाटेवरचा एक जुना प्रवासी म्हणजे ‘पाथ’ हे अमेरिकी ॲप. 2010 मध्ये ते सुरू झाले तेव्हा एका व्यक्तीला केवळ 50 जण जोडता येत. गर्दी नको, जिवलग हवेत, हा त्यामागील विचार होता. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःला जिवलगांसाठीची रोजनिशी म्हणवून घेतले. परंतु फेब्रुवारी 2012 मध्ये असे उघड झाले की, हे ॲप वापरणाऱ्यांच्या फोनमधील संपर्कांची यादी न विचारता कंपनीच्या सर्व्हरवर जात होती. कंपनीने क्षमा मागून ती माहिती पुसली. तरीही लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून 2013 मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत तिला 8 लाख डॉलर दंड भरावा लागला. अखेर ऑक्टोबर 2018 मध्ये ही सेवाच बंद झाली. ज्यांनी मुदतीत आपली प्रत उतरवून घेतली नाही, त्यांच्या आठवणी सेवेबरोबर मिटल्या.

हुंडीची रीत

एकाच मालकाच्या हाती सर्व वह्या असू नयेत, या विचारातून विकेंद्रित समाजमाध्यमे पुढे आली. जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी 2016 मध्ये सुरू केलेले ‘मॅस्टोडॉन’ हे त्यांतील सर्वाधिक परिचित. 2018 च्या जानेवारीत वेब-मानके ठरविणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेने ‘ॲक्टिव्हिटीपब’ ही नियमावली प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचा अर्थ व्यापारी घराण्यांना सहज उमजेल. पूर्वी सुरतेच्या पेढीने लिहिलेली हुंडी दूरच्या शहरातील पेढी वटवीत असे. दोन्ही पेढ्यांचा मालक एक नसे. रीत मात्र एक असे. त्याचप्रमाणे येथे प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र आणि त्यांच्यातील देवघेवीची रीत समान. एक पेढी नापसंत झाली, तर दुसरीकडे खाते नेता येते. स्वामित्वाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होय.

परंतु हुंडीच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट घडते: नोंद दोन्ही पेढ्यांच्या वह्यांत होते. आपल्या वहीतील ओळ खोडली म्हणून समोरच्याच्या वहीतील ओळ खोडली जात नाही. विकेंद्रित जाळ्यातही पाठविलेल्या पानाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर उतरते. नंतर ते पान पुसले, तर इतर सर्व्हरांना ‘तुम्हीही पुसा’ असा निरोप जातो. प्रामाणिक सर्व्हर तो पाळतो. बंद असलेला किंवा बेपर्वा सर्व्हर पाळेलच, याची शाश्वती नाही. शिवाय मॅस्टोडॉनवर ठरावीक व्यक्तींनाच पाठविलेला मजकूरही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद नसतो. सर्व्हर चालविणाऱ्याला तो वाचणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते.

‘स्कटलबट’ नावाच्या आणखी एका जाळ्यात तर प्रत्येकाची नोंदवही त्याच्याच यंत्रावर राहते आणि मित्रांची यंत्रे परस्परांच्या प्रती बाळगतात. तेथे प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीशी साखळीप्रमाणे जोडलेली असल्याने मागील ओळ बदलता किंवा काढता येत नाही. हिशेबाच्या वहीत हा गुण ठरेल. मनाच्या वहीत तो जाच ठरू शकतो. गोमतीत पोथी सोडण्याची सोय येथे नाही.

पत आणि मोकळेपणा

हे केवळ तांत्रिक बारकावे नव्हेत. हंगाम संपला तरी उधारी वसूल झाली नाही, असे एखादा व्यापारी रात्री रोजनिशीत लिहितो. मुलीच्या सोयरिकीविषयीची शंका एखादी आई लिहिते. आपल्या आजाराविषयी एखादा तरुण लिहितो. चुकून दाबलेल्या एका कळीने ती ओळ बाजारात पोहोचली, तर पत जाते, सोयरीक मोडते. याहून सूक्ष्म हानी आणखी वेगळी आहे. कोणी वाचेल अशी शंका मनात आली की लिहिणारा स्वतःशीच सावधपणे बोलू लागतो. मग रोजनिशी उरत नाही. उरते ती जाहिरात.

म्हणून अशी जोड द्यायचीच असेल, तर दोन वह्या वेगळ्या हव्यात. खासगी वही कुलूपबंद असावी आणि तिची किल्ली केवळ लिहिणाऱ्याकडे असावी. ‘डे वन’ या रोजनिशीच्या ॲपने 2017 मध्ये अशी कूटबद्ध व्यवस्था आणली आणि 2023 मध्ये जिवलगांसाठी सामायिक वही स्वतंत्रपणे दिली; ही विभागणी अनुकरणीय आहे. जाळ्यावर जाणारे पान मूळ पान नसावे, हेतुपूर्वक काढलेली नक्कल असावी. ते कोणाकडे जाणार, त्यांची नावे पाठविण्यापूर्वी समोर दिसावीत. छायाचित्रात दडलेली स्थळाची माहिती आपोआप काढली जावी. लिहिल्याबरोबर पाठविण्याऐवजी एक रात्र थांबण्याची सोय असावी. रात्रीचा राग सकाळी पुष्कळदा ओसरलेला असतो. आणि ‘पुसा’ या कळीजवळ स्पष्ट लिहिलेले असावे की इतरांकडील प्रती पुसल्या जातीलच असे नाही.

कुटुंबांनीही ॲप निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. नवे पान आरंभी खासगी असते की उघडे? सर्व लेखन साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येते का? किल्ली हरवली तर काय? कुलूप खरे असेल, तर हरवलेल्या किल्लीबरोबर वहीही कायमची बंद होते. म्हणून परतीची किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवणे शहाणपणाचे.

‘नवरस’ आज कोणाला वाचता येत नाही; ‘अर्धकथानक’ मात्र जवळजवळ चारशे वर्षांनंतरही वाचले जाते. आपले जीवन इतरांपुढे ठेवण्यात बनारसीदासांना संकोच नव्हता. पण तत्पूर्वी पुलावर उभे राहून नको ते पाण्यात सोडण्याची मोकळीक त्यांना मिळाली होती. रोजनिशीचे कोणतेही नवे ॲप घरात आणताना तेवढी मोकळीक शाबूत आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे.