पीटीच्या तासाला कराटे शिकवलं तर शाळेतली दादागिरी थांबेल का?

वर्गातल्या एखाद्या मुलाला रोज कोणीतरी टपली मारतं, दप्तर लपवतं, आडनावावरून किंवा बोलीवरून चिडवतं. तक्रार केली की घरी आणि शाळेत एकच उत्तर मिळतं, "लहान मुलं आहेत, चालायचंच." आमच्या मते हे चालायचं नाही. खोडी बरोबरीच्या मुलांमध्ये होते आणि थोड्या वेळाने दोघंही हसतात. दादागिरी वेगळी असते. त्रास मुद्दाम दिला जातो, पुन्हा पुन्हा दिला जातो आणि सोसणाऱ्याची ताकद कमी असते. नॉर्वेत या विषयावर आयुष्यभर संशोधन केलेल्या डॅन ओल्वेयस यांनी दादागिरी ओळखण्याच्या याच तीन खुणा सांगितल्या आहेत.

आपल्याकडे 'ताकद कमी' म्हणजे फक्त अंगाने किरकोळ असणं नव्हे. साक्री, शिरपूर, यावल, चोपड्याच्या पाड्यांवरून तालुक्याच्या हायस्कूलमध्ये आलेलं पावरा किंवा भिल्ल मूल, वर्गात अहिराणीत बोलून गेलेला मुलगा, आपल्या वस्तीतली मुलगी, यांची ताकद जातीने आणि गरिबीने आधीच कमी केलेली असते. बाबासाहेबांनाही साताऱ्याच्या शाळेत वेगळं, गोणपाटावर बसावं लागलं आणि शिपाई नसेल तर तहानलेलं राहावं लागलं. आपल्याच जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात जून २०१८ मध्ये विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातल्या अल्पवयीन मुलांना मारहाण करून विवस्त्र फिरवण्यात आलं. ही घटना शाळेतली नव्हती, मारणारेही मोठी माणसं होती. पण गावात जे चालतं ते मुलं पाहतात आणि वर्गात आणतात.

म्हणून कार्यकर्त्यांकडून एक मागणी वारंवार येते, 'आपल्या मुलांना कराटे शिकवा, मग कोणी हात लावणार नाही.' या मागणीत तथ्य किती, ते तपासून पाहू.

ज्युदोची सुरुवात

ज्युदोचे जनक जिगोरो कानो लहानपणी अंगाने बारीक होते आणि शाळेत दांडग्या मुलांचा त्रास सोसत होते. त्यातूनच ते जुजुत्सू शिकायला गेले. १८८२ मध्ये त्यांनी टोकियोतल्या एका बौद्ध विहाराच्या आवारात कोदोकान ही शाळा सुरू केली. पेशाने ते शिक्षक होते. जुन्या युद्धकलेतले घातक डाव त्यांनी सरावातून बाजूला काढले आणि दोन तत्त्वं पुढे ठेवली : आपली शक्ती योग्य कामी लावणे, आणि आपलं व दुसऱ्याचं भलं एकत्र साधणे. ज्युदोत जोडीदाराला पाडायचं असतं, पण त्याला इजा होणार नाही याची जबाबदारीही पाडणाऱ्याचीच असते.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेत ट्रुलसन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरवयीन मुलांचे गट केले होते. एका गटाला तायक्वांदो आदर, संयम आणि ध्यानासह शिकवलं, दुसऱ्याला फक्त लढण्याचं तंत्र. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याची वाढली. नॉर्वेत एंड्रेसन आणि ओल्वेयस यांनी २००५ मध्ये दाखवलं की बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पूर्वेकडच्या युद्धकला यांसारख्या ताकदीच्या खेळांत उतरलेल्या मुलांचं समाजविघातक वागणं वाढलं.

अमेरिकेतच ट्वेमलो आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांत पीटीच्या तासाला युद्धकला, नाट्यछटा आणि चर्चा यांची सांगड घातली. २००८ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार जास्त तासांना हजर राहिलेल्या मुलांमध्ये (मुलग्यांमध्ये) आक्रमकता कमी दिसली आणि दुसऱ्याला त्रास होताना मदतीला जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मुलींमध्ये मात्र असा फरक दिसला नाही.

जपानने तर एप्रिल २०१२ पासून माध्यमिक शाळेत ज्युदो, केंदोसारख्या युद्धकला सक्तीच्या केल्या. तरीही पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, दादागिरी रोखण्यासाठी त्यांना वेगळा कायदा करावा लागला. शिवाय १९८३ नंतरच्या तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलांचा जीव गेला होता, हेही विसरता येत नाही. अर्धवट शिकलेला प्रशिक्षक आणि उघडी फरशी यांच्या भरवशावर हा तास चालू शकत नाही.

थोडक्यात, हातपाय चालवायला शिकवणं सोपं आहे. फरक पडतो तो त्याबरोबर काय शिकवलं यावर.

शील आणि सामर्थ्य

काही उपासक विचारतात, पंचशील घेणाऱ्याने मुक्का मारायला शिकावं का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला आंधळा नियम मानलेलं नाही, तत्त्व मानलं आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. समता सैनिक दलाची परंपराही हेच सांगते. शिस्त आणि कवायत संरक्षणासाठी आहे, दहशतीसाठी नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लाठीकाठी फिरवणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे समजावून सांगणं हे आपलंच काम आहे.

पीटीचा तास कसा असावा?

पहिली गोष्ट, हा तास अख्ख्या वर्गासाठी हवा. फक्त त्रास सोसणाऱ्याला कराटे शिकवलं तर 'तू कमजोर होतास म्हणून मार खाल्लास' असा अर्थ निघतो. दादागिरी करणारा आणि बाजूला उभं राहून हसणारे, दोघंही त्या मॅटवर हवेत. दुसरी, सुरुवातीचे काही आठवडे पडायचं कसं, पकड सोडवायची कशी, ठाम आवाजात 'थांब' म्हणायचं कसं आणि मदत कुठे मागायची एवढंच शिकवावं. तिसरी, जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात. ज्याच्या हाताचं पाणी घरी चालत नाही, त्याचाच हात धरून उठावं लागलं तर तो धडा पुस्तकापेक्षा मोठा असतो. चौथी, शेवटची १० मिनिटं शांत बसून आनापान आणि गटात बोलणं असावं. पाचवी, शिकलेला डाव मैदानाबाहेर कोणावर वापरला तर काय होईल, हे वर्गाने आधीच ठरवावं.

पैसे आणि कायदा

समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. सरकारी शाळांत ३ महिने प्रशिक्षण आणि त्यासाठी दरमहा ५,००० रुपयांची तरतूद आहे. आपल्या गावच्या शाळेत ते झालं का, हे विचारण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपली माणसं त्या बैठकीला जात नाहीत, ही खरी अडचण आहे.

कराटे येणाऱ्या मुलीलाही एकटीने वर्गाशी लढता येत नाही. जात काढली गेली, रोज मारहाण झाली तर तक्रार लेखी द्या. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात शिक्षणसंस्थेची आणि वसतिगृहाचीही व्याख्या व्यापक आहे आणि लेखी तक्रारीची ७ दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी प्रमुखावर आहे. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असायला हवी. मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, तो प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहा.

समोर दादागिरी करणारा सुद्धा शाळकरी मूलच असतं, हे ध्यानात ठेवावं. बदला घेणं हे आपलं काम नाही. त्याला थांबवायचं आणि बदलायचं आहे.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीच्या स्मृतीसाठी खानदेशातले हजारो भीमसैनिक जमतात. या वर्षी तिथून परतताना प्रत्येक शाखेने एकच शाळा निवडावी, मुख्याध्यापकांना आणि पीटीच्या शिक्षकांना भेटावं, तक्रारपेटी शेवटची कधी उघडली ते विचारावं आणि आठवड्याच्या एका तासाची मागणी लेखी द्यावी. एका शाळेतल्या एका मुलाने दप्तर घेऊन घरी बसायचं थांबवलं, तरी तो तास सार्थकी लागला असं आम्ही समजू.

जय भीम, नमो बुद्धाय!